गनीभाईंचा गरीब

आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये शिरण्यापूर्वी गनीभाई परकार एक पाऊल मागे सरायचे, डावा पाय पुढे टाकायचे, गुडघ्यात किंचित वाकायचे आणि उजवा हात डाव्या कमरेशी न्यायचे. तिथे पट्ट्याला स्टीलची मोजपट्टी अडकवलेली असे. लिफ्टचं दार उघडलं की ‘सर्र’ असा आवाज व्हायचा, हातभर पिवळी पट्टी हवेत चमकायची आणि ‘खट’ करून परत डबीत जायची. आत एखादी बाई किराणा घेऊन उभी असली तर दचकायची. मग गनीभाई तिला कमरेतून वाकून नमस्कार करायचे, आत शिरायचे आणि सातव्या मजल्याचं बटण दाबून अगदी सभ्य माणसासारखे उभे राहायचे.

नवीन भाडेकरू पहिल्या आठवड्यात हारिसकडे, म्हणजे बिल्डिंगच्या राखणदाराकडे, तक्रार घेऊन जायचे. हारिस त्यांना सांगायचा की बाबा चांगला आहे, फक्त सिनेमा बघतो.

गनीभाई कुवेतच्या राई भागातल्या एका पडद्यांच्या शोरूममध्ये मापं घ्यायला होते. एकतीस वर्षं हाच धंदा. जहरापासून सुलैबियापर्यंत किती घरांच्या खिडक्या त्यांनी मोजल्या याचा त्यांनाच पत्ता नव्हता. उंची बेताची, अंग काटक, दाढी पांढरी आणि नेमकी कातरलेली. खिडकीसमोर उभे राहिले की डोळे बारीक करायचे. “खिडकी खोटं बोलते डाक्टर,” ते मला सांगायचे. “चौकोनी दिसते, पण नसते. वरची रुंदी येगळी, खालची येगळी. आधी माप, मंग वार.” हे ‘आधी माप, मंग वार’ त्यांचं ब्रीदवाक्य होतं. भाजी घेतानाही तेच, माणसाशी ओळख करून घेतानाही तेच.

मी डॉक्टर नाही. मी कराडचा, इथे फरवानियात एका खासगी क्लिनिकात एक्स-रे काढतो. गनीभाईंना मी हे तीनदा समजावून सांगितलं होतं, कारण चूक दिसली की ती दुरुस्त केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. हा माझा जुना रोग आहे आणि त्याबद्दल बायकोची बोलणी मी रोज खातो. पण गनीभाईंनी माझी दुरुस्ती मनावर घेतली नाही. “हाडं आतून बघताव ना? मंग डाक्टरच,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

माझी बायको सुनीता नर्स आहे. तिला शुक्रवारी ड्यूटी असते. त्यामुळे शुक्रवारी दुपारी मी सातव्या मजल्यावर गनीभाईंच्या खोलीत जेवायला असायचो. जुम्याची नमाज पढून येताना ते मासळी घेऊन यायचे. इथे पापलेटला झुबैदी म्हणतात, आणि गनीभाईंच्या घरवालीचं नाव जुबैदा. एकतीस वर्षं झाली तरी मासळीवाल्याकडे “झुबैदी दे” म्हणताना त्यांना हसू यायचं आणि भाव करायचा राहून जायचा. जेवण झालं की ते हात धुऊन येत, टीव्हीसमोर चटई अंथरत, मोजपट्टी काढून शेजारी ठेवत आणि म्हणत, “चला, गरिबाला बोलवू.”

हा गरीब कोण, ते आता सांगायला हवं.

जहराला एका म्हाताऱ्या कुवेती गृहस्थाच्या दिवाणखान्याचं माप घ्यायला गनीभाई गेले होते. तिथल्या कपाटातला जुना माल बाहेर काढून ठेवला होता, त्यात सिनेमांच्या डिस्कचा एक खोका होता. घेऊन जा, म्हातारा म्हणाला. त्यात एकवीस सिनेमे निघाले, सगळे जपानी, सगळे एकाच तलवारबाजाचे. डोक्यावर गवताची टोपली पालथी घातल्यासारखी टोपी, अंगात ठिगळं लावलेला झगा, कमरेला तलवार. तो गावोगाव फिरतो, कुठल्या तरी गावात अन्याय चाललेला असतो, तो पंधरा-वीस माणसं कापतो आणि निघून जातो. पहिल्या सिनेमात तो तरणाताठा आहे आणि चित्र काळंपांढरं आहे. पुढे रंग येतो, मग त्याचं पोट थोडं सुटतं, मग केस पिकतात. एकवीस सिनेमांत माणूस आपल्या डोळ्यांदेखत म्हातारा होतो.

बोलणं जपानी आणि खाली अक्षरं अरबी. आता गनीभाईंना अरबी कशी येते, ही गंमत ऐकण्यासारखी आहे. लहानपणी दाभोळच्या खाडीकाठी गावच्या मदरशात कुराण शिकले, त्यामुळे अरबी कुठलीही असो, घडाघडा वाचणार, तेही सुरात. वाचता सगळं यायचं, कळायचं निम्मं, आणि ते निम्मं दुकानातलं. रंग, आकडे, उद्या, परवा, कापड, दोरी, महाग, स्वस्त. राहिलेल्या निम्म्यात जो शब्द ओळखीचा दिसेल त्याला ते आपल्या गावचा अर्थ लावायचे. जपानी तर त्यांना अजिबात परकी वाटायची नाही. “ते पण हाय बोलतात, आपण पण हाय बोलतो,” हा त्यांचा पुरावा होता.

प्रत्येक सिनेमाच्या सुरुवातीला तलवारबाज डोंगराच्या वाटेने चालत येतो आणि खाली एक ओळ उमटते. गनीभाई ती ताठ बसून, घोटून वाचायचे: “लैस लिल गरीब वतन.” मग माझ्याकडे वळून अर्थ सांगायचे. “गरिबाला वतन नाय. म्हणजे काय, जमीन चुलत्यांनी दाबलीय.”

मला हे पटायचं. ठिगळांचा झगा समोर दिसत होता. आणि गनीभाईंच्या लेखी कोकणातलाच झालेला हा माणूस वीस-वीस सिनेमे घर सोडून हिंडतोय म्हटल्यावर जमिनीच्या दाव्याशिवाय दुसरं कारण काय असणार?

तसंच ‘खसम’. कुवेतात जिकडेतिकडे दुकानांवर ‘खसम पन्नास टक्के’ असे बोर्ड असतात. खसम म्हणजे डिस्काउंट, हे गनीभाईंना पक्कं ठाऊक, कारण दिवसातून दहा गिऱ्हाइकं त्यांच्याकडे तेच मागायची. सिनेमात दर लढाईच्या आधी खाली खसम हा शब्द यायचाच. म्हणून गनीभाईंच्या गोष्टीत प्रत्येक खलनायक डिस्काउंट मागायचा. घोड्यावर बसून, दोनशे माणसं मागे घेऊन, डोळे वटारून तो डिस्काउंट मागतो, गरीब शांतपणे नाही म्हणतो आणि तलवार उपसतो. “बरोबर हाय त्याचं,” गनीभाई मान हलवायचे. “एकाला दिलं की सगळे मागतात.”

त्यांची जपान्यांविषयी एकच तक्रार होती. तिथे खाणावळींच्या दारांवर आखूड पडदे लटकवलेले असतात, माणसाच्या छातीपर्यंतच येणारे. ते दिसले की गनीभाई कळवळायचे. कुणीतरी माप चुकवलंय, कापड कमी पडलंय, आणि इतक्या वर्षांत एकाही गिऱ्हाइकाने परत पाठवलेलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

सिनेमा संपला की जुबैदाभाभींना फोन. फोन कायम स्पीकरवर, कारण गनीभाईंना गोष्ट सांगायला दोन्ही हात लागायचे. तिकडे दिवेलागण व्हायच्या आत भाभी ओटीवर बसून ऐकायच्या. गनीभाई लढाया सांगायचे, पट्टी सर्रकन काढून आवाज ऐकवायचे. भाभींना लढायांत रस नव्हता. त्यांचे प्रश्न वेगळे असत. त्याचे कपडे कोण धुतो? सकाळपासून तो जेवला काय? घरी कोण हाय त्याच्या? तोवरच्या सिनेमांत त्या माणसाच्या घराचा उल्लेख नव्हता, पण भाभी विचारतात म्हटल्यावर गनीभाईंना उत्तर द्यावं लागलं. घरी बायको हाय, ते म्हणाले. जमीन तीच राखून हाय. यावर भाभी म्हणाल्या की मंग तिचा पण एक सिनेमा काढायला पायजे होता.

काही अडलं की पुढच्या शुक्रवारी तोच सिनेमा पुन्हा बघावा लागे. अशा रीतीने एका सिनेमाला चार-पाच शुक्रवार जायचे. दोन वर्षांत वीस सिनेमे झाले. विसावा संपला तेव्हा गनीभाईंची साठी झाली होती, शोरूमच्या मालकाने परमिट पुढे वाढवायचं नाही असं ठरवलं होतं, आणि गनीभाई कायमचे घरी निघाले होते. महिनाभर उरला होता.

“बरोबर जुळलं डाक्टर,” ते म्हणाले. “एकविसाव्यात तो घरी जातो. कव्हरवर फोटो हाय, गावच्या येशीत उभा हाय. तो पण घरी, मी पण घरी. माझं नाव गनी, म्हणजे श्रीमंत. त्याचं नाव गरीब. दोघं बरोबर पोचणार.” भाभींनाही त्यांनी तसंच सांगून ठेवलं. शेवटचा सिनेमा शेवटच्या शुक्रवारी, तोवर कुणी खोक्याला हात लावायचा नाही.

आणि नेमकं त्याच आठवड्यात माझ्या क्लिनिकात ते घडलं.

गुडघा दुखतो म्हणून एक म्हातारे कुवेती गृहस्थ आले होते. मी एक्स-रे काढला. आमचे हाडांचे डॉक्टर इजिप्तचे आहेत. त्यांनी फिल्म उजेडावर धरली, भुवया वर केल्या आणि म्हणाले, “गरीब. वल्ला, गरीब.” म्हणजे देवाशपथ गरीब. माझं मन भरून आलं. दोन वर्षं गरिबाच्या सहवासात काढलेला माणूस मी. मी म्हाताऱ्याजवळ गेलो, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं की बाबा, फीची काळजी करू नका, खसम मिळेल, मी बोलतो.

ज्या इमारतीत आमचं क्लिनिक आहे ती इमारत त्याची होती. शेजारचीही त्याचीच.

सुदैवाने म्हातारा हसला. डॉक्टर तर टेबलाला धरून हसले. मग त्यांनी मला समजावलं की अरबीत पैसे नसलेल्याला फकीर म्हणतात. गरीब म्हणजे विचित्र, नेहमीपेक्षा वेगळं. आणि माणसाला म्हटलं तर परका, बाहेरून आलेला, इथला नसलेला. “मी गरीब, तू गरीब,” ते छातीला हात लावून म्हणाले. मी त्यांना ती सिनेमाची ओळ म्हणून दाखवली. ‘वतन’ म्हणजे मुलूख, त्यांनी सांगितलं. जिथली माणसं आपली, ती जागा. परक्याला आपला मुलूख नसतो. आणि खसम? दुकानावर असला तर डिस्काउंट, तलवार हातात असली तर दुश्मन.

मला इतका आनंद झाला की विचारू नका. एवढी मोठी चूक माझ्या हाती यापूर्वी कधी लागली नव्हती. माणसाने त्या वेळी जिभेला आवर घालायला हवा होता. मी शुक्रवारची वाटसुद्धा पाहिली नाही. ड्यूटी संपल्यावर थेट सातव्या मजल्यावर गेलो.

गनीभाई बॅगा भरत होते. मी सगळं सांगितलं, डिस्काउंटपासून सुरुवात करून. खसमवर ते मनापासून हसले. “म्हणजे दुश्मन? आनी मी दोन वर्षं घरवालीला डिस्काउंट सांगितला?” मग मी वतन सांगितलं, आणि मग गरीब. तेव्हा त्यांचे हात थांबले.

“म्हणजे त्याच्याकडं पैसा व्हता?” त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, पैशाचा प्रश्नच नाही गनीभाई. तो कुठलाच नव्हता, असा त्याचा अर्थ.

ते बॅगेशेजारी खाली बसले. हातातल्या शर्टाची घडी मोडून पुन्हा घातली. मला तेव्हा कुठे कळायला लागलं की आपण काहीतरी भलतंच करून बसलो आहोत.

“गरीब असता तर बरा व्हता डाक्टर,” ते शेवटी म्हणाले. “गरिबीवर इलाज हाय. आपण तोच करायला आलो ना इकडं? पैसे जमले की गरीब घरी जातो. परका कुठं जाणार?” मग थोडं हसल्यासारखं करून म्हणाले, “आडनाव पण बघा. परकार. आजोबांनी आधीच लिहून ठेवलंय.”

त्यानंतरचे तीन आठवडे वाईट गेले. लिफ्टमध्ये पट्टी निघेना. हारिसने मला दोनदा विचारलं, बाबा आजारी आहे का. शोरूममध्ये गनीभाईंनी एका घराचे पडदे हातभर आखूड कापवले. एकतीस वर्षांत माप चुकलं नव्हतं. मालकाने काही म्हटलं नाही, जाणारा माणूस म्हणून सोडून दिलं, आणि तेच गनीभाईंना जास्त लागलं. शुक्रवारी मी जेवायला जायचो. झुबैदी तीच, पण चटई अंथरली जायची नाही.

एका शुक्रवारी जेवताना ते आपणहून बोलायला लागले. दोन वर्षांतून एकदा ते दीड महिना घरी जात. घर त्यांनीच बांधलेलं, माडी आहे, पुढे ओटी आहे, नऊ खिडक्या आहेत. पण चहा करायला गेले तर साखरेचा डबा सापडत नाही. भाभी त्यांच्यासाठी कपाटातली पाहुण्यांची कपबशी काढतात. दोन्ही मुली उजवल्या, जावई येतात ते अदबीने बोलतात आणि दुसऱ्याच मिनिटाला विचारतात, कधी निघायचं. शेजारीही तेच विचारतात. कोंबड्यासुद्धा त्यांना बघून ओटीवरून उतरतात. एकतीस वर्षांत ते पंधरा-सोळा वेळा घरी गेले, आणि दर वेळी पाहुणे म्हणूनच.

“आता कायमचा जाऊन बसलो,” ते म्हणाले, “आनी दीड महिन्यानंतर पण सगळे बघत राहिले, हा कवा जाणार म्हणून, तर?”

मी विषय बदलायचा म्हणून विचारलं, त्या नऊ खिडक्यांना पडदे कसले लावलेत. त्यांनी ताटातला काटा बाजूला काढला. मग म्हणाले, पडदे नाहीत. भाभींनी जुन्या ओढण्या अडकवल्या आहेत.

याला दिव्याखाली अंधार म्हणतात, आणि मी ते तोंडाने म्हणूनही टाकलं. पण गनीभाईंना त्याचा राग आला नाही. सुट्टीत ते मोजपट्टी कधी न्यायचे नाहीत. ती इथे खुंटीला लटकवून जायचे. त्यांच्या आईने त्यांना पहिल्यांदा निघताना सांगितलं होतं की परदेशी जाणाऱ्याने घरातलं एक काम अर्धं ठेवून जावं, म्हणजे तो परत येतो. तेव्हा ओटीची एक फळी बसवायची ठेवली होती. घर नवं बांधल्यावर फळी राहिली नाही. म्हणून त्यांनी पडदे ठेवले. दर वेळी भाभी विचारायच्या, ते म्हणायचे पुढल्या खेपेला.

“आता पुढली खेप आली,” ते म्हणाले. “पण खिडक्यांचं माप मला ठाऊक नाय. सगळ्या कुवेतच्या खिडक्या ठाऊक हायत.”

शेवटचा शुक्रवार आला. बॅगा दाराशी होत्या. मला वाटलं होतं की सिनेमाचं नाव निघणार नाही, पण जेवण झाल्यावर गनीभाईंनी चटई अंथरली, पट्टी शेजारी ठेवली आणि खोक्यातून एकविसावी डिस्क काढली. “बोलावलंय दोन वर्षं,” ते म्हणाले. “दारातून परत कसा पाठवू?”

सुरुवातीची ओळ आली. लैस लिल गरीब वतन. त्यांनी ती पहिल्यासारखी सुरात वाचली नाही, नुसती वाचली. लढाया झाल्या, त्यात पूर्वीचा जोर नव्हता, नट म्हातारा झाला होता. आणि शेवटी तो खरंच गावी पोचतो. रस्ता ओळखतो, विहीर ओळखतो. एका घरासमोर थांबतो. दाराला तोच आखूड पडदा. पडद्याखालून बाईचे पाय दिसतात, ती आतूनच विचारते, कोण आहे? तो टोपी काढतो आणि खाली अक्षरं येतात. गनीभाईंनी वाचलं: “अना गरीब.” अना म्हणजे मी, एवढं मलाही कळत होतं.

पडदा हलतो. चित्र थांबतं. सिनेमा संपतो. तो आत गेला की वाटेला लागला, ते दाखवलेलं नाही.

मी गनीभाईंकडे बघितलं नाही. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर.

भाभींना त्यांनी गोष्ट सांगितली. आज हात हलले नाहीत. आणि आपली चूकही सांगितली, सगळी. तो गरीब नव्हता, त्या शब्दाचा अर्थ परका. आपण दोन वर्षं उलटं वाचलं. मग शेवट सांगितला. तो दारात उभा हाय आनी बोलतो, मी परका हाय.

“मंग ती काय बोलली?” भाभींनी विचारलं.

“दाखवलं नाय. पडदा हलला नि संपला.” गनीभाईंनी फोन जवळ ओढला. “तू असतीस तर काय बोलली असतीस?”

पलीकडे भाभींनी ओटीवरच्या कोंबड्या हाकलल्या.

“मी काय बोलणार?” भाभी म्हणाल्या. “बोलली असती, पाय धुवा नि आत या, आनी त्या दाराचा पडदा आखूड हाय तो आधी नीट करा. एवढ्या वर्षांनी आलाव तर हात हलवा जरा.” आणि त्याच दमात पुढे म्हणाल्या, “तुम्ही खिडक्यांचं काय करताव? कापड तिकडनंच आणताव की इकडं घ्यायचं? मी कालपासनं मोजून बसलेय. लिहून घ्या.”

गनीभाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्याजवळ क्लिनिकातलं एक्स-रेचं रिकामं पाकीट होतं. मी पेन काढलं.

“ओटीवरची मोठी,” भाभींनी सुरुवात केली. “रुंदी पाच वीत, चार बोटं.”

मी पेन थांबवलं. पाच वीत म्हणजे किती, हे कुठल्या दुकानात सांगणार? माझा जुना रोग उसळला आणि मी तोंड उघडणार, इतक्यात गनीभाई शांतपणे म्हणाले, “डाक्टर, लिहा. नव्व्याण्णव.”

भाभी सांगत गेल्या. उंची सात वीत, दोन बोटं. चार वीत, तीन बोटं. माडीवरची, स्वयंपाकघरातली, न्हाणीजवळची बारकी. आणि गनीभाई डोळे मिटून, जरासुद्धा न अडखळता, प्रत्येक वितीचे सेंटिमीटर सांगत गेले. नवव्या खिडकीनंतर भाभींनी विचारलं, ही शेवटची, आता काय अर्धं ठेवणार? काय नाय, ते म्हणाले. फोन ठेवला.

मी पाकिटावरचे आकडे बघितले. गनीभाई, मी विचारलं, भाभींची वीत नेमकी केवढी, हे तुम्हाला कसं माहीत? वीत ज्याची त्याची वेगळी असते.

त्यांनी शेजारची पट्टी उचलली. सर्रकन काढली नाही, हळूच थोडी ओढली आणि एका रेघेवर अंगठा ठेवून माझ्यासमोर धरली.

“लग्नात एकोणीस व्हती,” ते म्हणाले. “आता सांधे धरलेत तिचे. गेल्या सुट्टीत बघितलं, बोटं पुरी पसरत नायत. साडेअठरा धरायची.”

मग त्यांनी अंगठा काढला, पट्टी खट करून आत गेली, आणि ते पाकीट त्यांनी माझ्या हातातून घेऊन बॅगेत सगळ्यांत वर ठेवलं.